एक दात मागे

वादी कबीरच्या मागच्या गल्लीत दुपारी
पान्यालाही फडक्याशिवाय हात लावता येत नाही.
खलफानची हायलक्स आली, डिझेल, पांढरी,
मागे जाळ्यांचा वास, बोनेटखाली मिठाची साय.
बेल्टचा दिवा लागलाय, म्हणाला,
आणि चढाला दम लागतो, म्हातारी झाली.
मग सावलीत जाऊन कहवा पीत बसला.

पाणी काढलं. पंखा काढला.
खालची पुली दोन शिव्यांना बधली नाही,
तिसरीला सुटली.
कव्हर उलटं केलं, तर आत
पांढऱ्या रंगाने, काडीने लिहिलेलं:
हमदुले. तारीख. किलोमीटर.

चाचांकडे वही नव्हती.
कव्हरांच्या पोटातच लिहून ठेवायचे सगळं,
देवनागरीत, मालकाला वाचता येऊ नये म्हणून.

जुना बेल्ट काढण्याआधी खुणा बघायच्या
ही त्यांचीच शिकवण.
क्रँक हाताने फिरवला, सुलटा, कधीच उलटा नाही.
पहिला पिस्टन माथ्यावर.
क्रँकची खूण बसली.
कॅमची खूण बसली.
पंपाची

एक दात मागे.

टॉर्च जवळ नेला. बोटाने काजळी पुसली.
करंगळीच्या नखाएवढं अंतर.
तेवढ्या उशिरा डिझेल पडत होतं,
प्रत्येक स्फोट जरासा शिळा,
नऊ वर्षं.

तारीख पुन्हा वाचली.
मला येऊन अकरा दिवस झाले होते.
खोलीत नऊ जणांच्या घोरण्यात झोप नव्हती.
चाचांचा जवळचा चष्मा फुटलेला,
नवा पगार झाल्यावर घेणार होते.
टॉर्च माझ्याकडे. खालून विचारलं त्यांनी,
"बसली का रे पंपाची?"
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो.
टायरच्या कंपनीचं. त्यात एक नदी होती,
आमच्या शास्त्रीसारखी नव्हती, तरी बघत होतो.
"बसली."

मग त्यांनी क्रँकला दोन फेरे दिले.
क्रँकचे दोन तेव्हा कॅमचा एक,
आपलंही तसंच, म्हणाले,
दोन वर्षं इथे तेव्हा एकदा घर.
हसले. परत विचारलं, "बसली?"
या वेळी मला दिसलं होतं.
पण बेल्ट चढला होता, टेन्शनर कसला होता,
आणि मला भूक लागली होती.
"बसली," म्हणालो.

आता पंपाची पुली पान्याने धरून
एक दात पुढे घेतली. ती मागे ओढत होती,
पंपाच्या पोटात स्प्रिंग असते, ती सवयीला जाते.
नवा बेल्ट. दोन फेरे.
टॉर्च धरायला शहाबुद्दीन आहे, चितगावचा,
आल्याला महिना झाला असेल.
त्याला विचारलं नाही.
तू बघ म्हटलं, मग मी बघतो, मग परत तू.

चाचा दाभोळला असतात.
दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली,
शुक्रवारी फोनवर ओरडून बोलतात,
खुणा नीट बघतोस ना?

कव्हर बसवण्याआधी ब्रशची काडी घेतली.
खाली आजची तारीख, किलोमीटर, माझं नाव.
मग वरच्या ओळीत,
हमदुले आणि त्या जुन्या तारखेच्या मध्ये
जी चिंचोळी जागा उरली होती तिथेही
माझं नाव घातलं, बारीक.
रंग ओला होता. तसंच कव्हर लावून टाकलं.

पहिल्या चावीला सुरू झाली. धूर नाही.

रात्री कुरियातहून खलफानचा फोन.
चिडलेला की खूश, कळेना.
चढावर एसी बंद केला नाही तरी पळाली,
पायाला जुन्या जोराची सवय,
वळणावर एक बकरी थोडक्यात वाचली.
काय केलंस तिला?
बेल्ट बदलला, म्हटलं.
दोन दिवस जरा हळू दाब.